ट्रकमागची हवा आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गोव्यात कोलवाळहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही चौघं एकाच गाडीतून जातो. गाडी माझी, चालवायची पाळी आठवड्याला बदलते, पेट्रोल चौघांत. त्यामुळे गाडी किती अ‍ॅव्हरेज देते हा प्रत्येकाच्या खिशाचा विषय. मेव्हण्याच्या पाळीत लिटरला २१ निघतं, माझ्या पाळीत १९ च्या वर जात नाही. का, ते तो छातीठोकपणे सांगतो: "भावोजी, कंटेनर दिसला की त्याच्या मागे लावायची. हवा तो कापतो, आपण फुकट जायचं."

२१ हा आकडा खरा आहे, पावत्या मीच ठेवतो. कारण मात्र मला पटत नाही. कंटेनरच्या मागे लागल्यावर मेव्हणा ६० च्या वर जाऊच शकत नाही, हेही त्याच वेळी घडत असतं. मग पेट्रोल वाचवलं कोणी? ट्रकने कापलेल्या हवेने, की ट्रकने घातलेल्या लगामाने? हे दोन वेगळे काढायचे, एवढंच या प्रकल्पाचं काम.

भाचा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला प्रोजेक्टसाठी विषय हवाच होता. त्याच्या आईने एका अटीवर परवानगी दिली: पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांच्या आत जायचं नाही, मग निकाल काहीही येवो. अट रास्त आहे. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद झाले सुमारे ३३ मीटर. त्याहून जवळचं जे बघायचं ते घरी, मॉडेलवर. चालवणारा फक्त चालवणार, मोबाइल आणि वही भाच्याकडे.

८ नोव्हेंबर, शनिवार

ओबीडी अ‍ॅडॅप्टर आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला, ब्लूटूथने मोबाइलला जोडला, झालं. इंजिनचे फेरे, वेग, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, सगळं सेकंदासेकंदाला नोंदवलं जातं. आमच्या गाडीत हवेचं वस्तुमान थेट मोजणारा सेन्सर नाही. दाब आणि तापमान बघून अ‍ॅप हवेचा अंदाज बांधतं आणि त्याला १४.७ ने भागून पेट्रोल काढतं.

इथेच ग्यानबाची मेख आहे. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते हे खरं, पण पंपावर आता ई-२० मिळतं. इथेनॉलला ग्रॅममागे ९ ग्रॅमच हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला ते गुणोत्तर १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेमागे इंजिन आठ-नऊ टक्के जास्त इंधन पितं आणि अ‍ॅपला त्याचा पत्ताच नसतो. भाच्याने सेटिंगमध्ये शिरून आकडा बदलला. तरी अ‍ॅपवर विसंबायचं नाही असं ठरलं. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला कट पडला की थांबून पेट्रोल भरायचं आणि अ‍ॅपचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा.

स्पीडोमीटरही बाजूला ठेवला. तो ८० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ७६-७७ असतात. पुढच्या सगळ्या नोंदींतले वेग जीपीएसचे. टायर थंड असताना हवा ३३, दर चाचणीआधी.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेडण्याच्या पठारावरच्या एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर उजाडताना पोचलो. वारा पूर्ण पडलेला. आजचं काम म्हणजे आपल्या गाडीला हवा नेमकी किती अडवते ते काढणं, कारण ते माहीत नसेल तर ट्रकमागे किती वाचलं याला अर्थ नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गाडी ७५ ला नेली, न्यूट्रल मारलं आणि ७० वरून ५० वर यायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर घेतलं. मग तसंच ४० वरून २०. वेग जास्त असताना हवा आणि टायर दोघंही अडवतात. वेग उतरला की हवेचा वाटा झपाट्याने घटतो, टायरचा जवळपास तेवढाच राहतो. दोन वेळा हातात आल्या की दोन्ही वाटे वेगळे करता येतात.

जाताना ७० ते ५० ला २३ सेकंद लागले, परत येताना ३०. भाच्याला वाटलं स्टॉपवॉच चुकलं. पुन्हा तेच. रस्ता डोळ्याला अगदी सपाट दिसतो, पण शंभर मीटरला जेमतेम ३० सेंटिमीटर चढ एवढा फरक पाडायला पुरतो. आमच्या हजार किलोच्या गाडीला शंभरात एक चढ म्हणजे ९८ न्यूटनचं ओझं. ते आपण चालवताना जाणवतही नाही.

दोन्ही दिशांची सरासरी धरली: ७० ते ५० ला साधारण २६ सेकंद, ४० ते २० ला ४२. हिशेब घरी केला. टायरचा रोध सुमारे ११० न्यूटन. हवेचा रोध ६० च्या वेगाला तोही सुमारे ११०, ८० ला २००, ९० ला २५०. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं; आपल्याच गाडीचे आकडे तसे उभे राहिले की मजा वाटते.

एक मात्र आजच कळलं. ट्रकमागे हवेतले दहा-वीस न्यूटन वाचतात का हे शोधायला आपण निघालोय, आणि गोव्याचा रस्ता प्रत्येक वळणाला त्याहून मोठा हिसका देतो. म्हणून यापुढची प्रत्येक चाचणी जाऊन-येऊन, त्याच पट्ट्यावर, नाहीतर धरायचीच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पट्टा ठरला: राष्ट्रीय महामार्ग ६६ वर धारगळ ते पत्रादेवी. चौपदरी आहे आणि सकाळी लवकर गेलं तर वेग धरून ठेवता येतो. कोलवाळच्या दक्षिणेला हे शक्यच नाही. म्हापशाला अडका, पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात अडका, बांबोळीचा चढ, मग आगशी. तिथे अ‍ॅव्हरेज मोजणं म्हणजे सिग्नल मोजणं.

आज ट्रक नाही, नुसती गाडी. एसी बंद, काचा वर, टॉप गिअर. ६० ला लिटरला २२, ८० ला १८.६, ९० ला १७. मग ६० लाच एसी लावला: २० च्या जवळ. भाच्याला हे फार वाटलं, पण ६० च्या वेगाने गाडी सपाटीवर ढकलायला चाकांवर ३.७ किलोवॅटच लागतात. एसीचा कॉम्प्रेसर त्यातलाच एखादा किलोवॅट मागतो, म्हणजे तो पाहुणा नाही, घरातला खाणारा झाला.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ६० वरून ८० ला गेलं की एकूण रोध २२० वरून ३१० न्यूटनवर जातो, चाळीस टक्के वाढ. पेट्रोल मात्र अठरा टक्केच वाढलं. कारण इंजिन स्वतःलाच फिरवायला बरंच खातं. नुसतं न्यूट्रलला उभं असताना आमचं इंजिन तासाला ०.७ लिटरच्या आसपास पितं, आणि पिस्टनचं घर्षण, पंप वगैरेंचा खर्च फेऱ्यांबरोबर वाढतो. तो खर्च हवा कमी झाली म्हणून कमी होत नाही. याचा उलटा अर्थ असा की रोध दहा टक्क्यांनी घटवला तरी पेट्रोल पाचेक टक्केच वाचणार.

आणि मेव्हण्याचं २१, माझं १९? तो सगळा फरक एकही ट्रक न वापरता या आकड्यांत बसतो. संध्याकाळी त्याला वही दाखवली. "हे ट्रकशिवायचं झालं," म्हणाला. "ट्रकमागे लावून बघा, मग बोला." बरोबर आहे त्याचं.

३० नोव्हेंबर, रविवार

घरच्या हॉलमध्ये वाऱ्याचा बोगदा. बहिणीला नंतर झाडू मारावा लागला, पण त्याची नोंद नको.

पुठ्ठ्याचा लांब खोका, एका टोकाला टेबल फॅन उलटा लावलेला, म्हणजे हवा ओढून घेणारा. दुसऱ्या टोकाला शीतपेयाच्या नळ्या एकमेकींना चिकटवून केलेली जाळी, म्हणजे आत येणारी हवा गरगरत येत नाही. मधल्या भागाला पारदर्शक प्लास्टिक. ट्रक म्हणून लाकडी ठोकळा, मागे खेळण्यातली गाडी. गाडी एका हलक्या तरफेला टांगून तरफेचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवलेलं.

आकडे फार मनावर घ्यायचे नाहीत. एवढ्या लहान मॉडेलवर आणि एवढ्या मंद हवेत गाडीसारख्या गोल अंगाच्या वस्तूभोवतीचा प्रवाह खऱ्यासारखा वागत नाही. ट्रकच्या धारदार कडांमागे हवा कुठे सुटते ते मात्र बरंच जुळतं. म्हणून आम्ही काट्यापेक्षा अगरबत्तीवर भिस्त ठेवली.

ठोकळ्याच्या बाजूने धूर सोडला तर तो कडेपर्यंत सरळ गेला आणि तिथून सुटून मागे लांबला. अगरबत्ती ठोकळ्याच्या अगदी पाठीशी, जिथे ट्रकचा फाळका असतो तिथे धरली, तर धूर उलटा फिरला. पंखा हवा मागे ओढत होता आणि धूर पुढे, फाळक्याकडे चालला होता. तिथे थोडा घुटमळून वर चढला, कडेच्या धारेत सापडला आणि मग मागे गेला. भाचा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बघत होता. ट्रकच्या मागे हा असा कमी दाबाचा, गोल फिरणारा खिसा असतो, साधारण ट्रकच्या उंचीएवढा किंवा थोडा जास्त लांब. त्याच्याही मागे हवा बराच वेळ ट्रकच्या दिशेने रेंगाळत चालत राहते, आणि मागच्या गाडीला समोरून येणारा वारा तेवढा मंद लागतो. फायदा होतो तो यामुळे. मेव्हण्याचं तत्त्व बरोबर आहे, यात वाद नाही. वाद अंतराचा आहे.

अमेरिकेतल्या मिथबस्टर्स या टीव्ही कार्यक्रमात २००७ साली हे खऱ्या ट्रेलरमागे, ताशी ५५ मैल म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने करून बघितलं होतं. शंभर फुटांवर ११ टक्के फायदा, पन्नासवर २०, वीसवर २७, दहावर ३९. दोन फुटांवर मात्र तो उतरून २८ वर आला, कारण एवढ्या जवळ अंतर सांभाळताना चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर सारखा नाचत राहिला. हेच आकडे कुठून तरी फिरत फिरत मेव्हण्यापर्यंत पोचले असावेत. पण दहा फूट म्हणजे तीन मीटर, आणि ६० च्या वेगाला तीन मीटर म्हणजे ०.१८ सेकंद.

मी वहीत हिशेब मांडला. ट्रकने जोरात ब्रेक दाबला, सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने त्याचा वेग उतरतोय. मागच्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला असं धरू, म्हणजे माणूस चांगला जागा आहे. त्या सेकंदात अडीच मीटर अंतर संपलं, उरला अर्धा मीटर, आणि गाडी अजून ट्रकपेक्षा सेकंदाला पाच मीटर जास्त वेगाने जवळ येतेय. दीड सेकंद लागला तर पाय ब्रेकवर पडायच्या आधीच धडक. "भरलेला ट्रक गाडीपेक्षा सावकाश थांबतो, म्हणून भीती नाही" हे बोलणं खूप ऐकायला मिळतं. सावकाश थांबतो हे खरं, पण मागच्याला उशीर ब्रेकमुळे होत नाही, डोक्यामुळे होतो.

३ डिसेंबर, बुधवार

गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताची सुट्टी. गर्दी सगळी जुन्या गोव्याकडे, उत्तरेला रस्ता मोकळा. बाहेरगावचे ट्रक मात्र चालू. आज खरा ट्रक.

भाचा खांब बघून मोजतो: ट्रकचा मागचा भाग खांबापाशी आला की "एक हजार एक, एक हजार दोन". आपण खांबापाशी येईपर्यंत दोन पुरे झाले पाहिजेत. आधी तीन सेकंदांवर, मग दोनवर. लांब बंद कंटेनर बघून निवडला, तो ५८ ते ६२ मध्ये चालला होता, सुंदर एकसारखा. परतीला दुसरा मिळाला तो उघड्या हौद्याचा, वर ताडपत्री. मध्ये एक मासळीचा ट्रक आला आणि त्याच्यातून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याने दोन मिनिटांत काचेवर पांढरट थर बसला. ती फेरी रद्द, वायपरचं पाणी संपलं. एका चिऱ्यांच्या टिपरमागूनही आम्ही आपणहून बाजूला झालो. जांभ्याची खडी काचेवर घ्यायची हौस नाही.

निकाल असा. तीन सेकंदांवर लिटरला २२.२, दोन सेकंदांवर २२.५. ट्रकशिवायचं २२ होतं, पण त्याच २२ मध्ये एकेका फेरीचा फरक अर्ध्या किलोमीटरचा आहे. म्हणजे जे दिसतंय ते असूही शकतं, नसूही शकतं. असलंच तर दोनेक टक्के.

मिथबस्टर्सच्या ११ टक्क्यांशी हे विसंगत नाही. त्यांचा वेग ८८, आमचा ६०. हवेतून वाचणारा जोर वेगाच्या वर्गाने जातो, म्हणजे आमच्या वाट्याला निम्म्याहून कमी. त्यांचा ट्रेलर आमच्या ट्रकपेक्षा उंच आणि सगळ्या बाजूंनी बंद. उघड्या हौद्यामागे तर आकड्यांनी काहीच सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

तोच पट्टा, पण मुद्दाम दुपारी तीन वाजता. दोन सेकंदांवर लिटरला २१.८. फायदा गायब.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, रस्त्याकडेचे माड सांगत होते. आपला महामार्ग दक्षिणोत्तर जातो आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून, म्हणजे आडवा येतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा आणि ६० ची गाडी धरली, तर ट्रकमागचा मंद हवेचा पट्टा सरळ मागे येतच नाही, तिरका जातो. ३३ मीटर मागे तो आठ मीटरहून जास्त बाजूला सरकलेला असतो. लेन साडेतीन मीटरची. म्हणजे आपण लेनमध्ये आणि आपली फुकटची हवा शेजारच्या शेतात. झुआरी पुलावर वारा गाडीला कसा हलवतो ते रोज बघतोच. तिथे ट्रकमागे लागून काय मिळणार?

आम्ही घरी परततो ते संध्याकाळी, वारा वाहत असतानाच. म्हणजे मेव्हण्याची युक्ती चाललीच तर फक्त सकाळी.

१४ डिसेंबर, रविवार

धारगळजवळच्या टपरीवर चहा आणि भाजीपाव. शेजारी एक कंटेनर लागलेला, पनवेलहून वेर्ण्याला माल घेऊन निघालेला. चालक सांगलीकडचा, पन्नाशीचा. भाच्याने विचारलं, मागे कोणी चिकटून गाडी चालवली तर तुम्हाला कळतं का?

"कळतंय कसलं साहेब? मागची गाडी आरशात दिसली तर ती हाय. न्हाई दिसली तर माझ्या हिशोबानं ती न्हाईच." चहाचा ग्लास त्याने फळीवर ठेवला आणि हाताने रस्ता दाखवला. "आता हितं खड्डा आला तर मी दोन चाकांच्या मधनं काढतो. मला काय बी होत न्हाई. मागच्याला खड्डा दिसंपातूर त्यो त्याच्या बोनेटखाली असतोय. रात्री गुरं बसल्याली असत्यात, तसंच. आन् रिमोल्ड टायरची साल निघाली तर ती कुणाच्या काचंवर जायची?"

डिझेल वाचवायला तो स्वतः काय करतो? ताडपत्री ताणून बांधतो, फडफडली की डिझेल जातं. आणि उगाच दाबत नाही. ट्रकला वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर असतोच, पण तो म्हणाला, ६० ला चालवलं की मालक खूश आणि पोलीसही खूश.

त्याची परवानगी घेऊन मागचा गार्ड टेपने मोजला. मागून आलेली गाडी हौद्याखाली घुसू नये म्हणून ट्रकला हा आडवा दांडा असतो. आयएस १४८१२ या मानकानुसार त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच असता कामा नये. याची ५२० भरली, दांडा सरळ, बोल्ट जागेवर. त्याच्याच पलीकडे उभ्या दुसऱ्या एका ट्रकचा दांडा कधीतरी मागे घेताना आपटलेला असावा. डावं टोक वर वाकलेलं होतं, तिथे ६४० भरले. आमच्या गाडीच्या बंपरमागची पट्टी त्याच्या खालून सहज गेली असती आणि मग बोनेट, मग काच. भाच्याने टेप गुंडाळला आणि फोटो न काढताच गाडीत जाऊन बसला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तिदिनाची सुट्टी. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, चाचणी नाही. भाच्याच्या अहवालासाठी वाचन.

ट्रकमागे ट्रक चालवून डिझेल वाचवायचा प्रयत्न मोठमोठ्यांनी केला आहे. अमेरिकेच्या एनआरईएल या सरकारी प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दोन ट्रक रेडिओने जोडून चालवले, म्हणजे पुढच्याने ब्रेक दाबला की मागचाही त्याच क्षणी दाबणार. मागच्या ट्रकचं ९.७ टक्क्यांपर्यंत इंधन वाचलं आणि पुढच्याचंही ५.३ टक्क्यांपर्यंत, कारण पाठीमागचा कमी दाबाचा खिसा मागचा ट्रक भरून काढतो. जास्त जवळ गेल्यावर मात्र मागच्याच्या रेडिएटरला हवा कमी पडून पंखा सुरू व्हायचा आणि वाचलेलं तोच खायचा. पुढे डायम्लरने जानेवारी २०१९ मध्ये हा नाद सोडला. खऱ्या वाहतुकीत मधेच गाड्या घुसतात, जोडी तुटते, पुन्हा जुळवायला वेग वाढवावा लागतो, आणि बचत हाती लागत नाही. हे सगळं यंत्राने ब्रेक दाबणाऱ्या ट्रकचं. आमच्या मेव्हण्याचा ब्रेक रेडिओवर चालत नाही.

ऑफिसातला एक जण मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ची (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) तयारी करतो. त्याला विचारलं तर त्याच्याकडे नियम पाठ: सायकलच्या टप्प्यात पुढच्याच्या मागे १२ मीटरच्या आत रेंगाळलं की दंड, कारण ती फसवणूक धरली जाते. सायकलवाल्यांना फायदा खरोखर मोठा असतो. त्यांच्या कष्टातला बहुतेक भाग हवेशीच जातो. गाडीचं तसं नाही, हे १६ नोव्हेंबरच्या आकड्यांत आलेलंच आहे.

आणि वेर्ण्याला कामावर उतरताना रोज दिसणारी गोष्ट: कोकण रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवलेले ट्रक. कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. चालक केबिनमध्ये झोपलेला, इंजिन बंद, गाडी चाललेली. याला म्हणतात फुकट जाणं. २०२५ च्या चतुर्थीला कोकण रेल्वेने खासगी गाड्याही अशा नेल्या.

२८ डिसेंबर, रविवार

काही नाही. धारगळपर्यंत नुसत्या भाड्याच्या गाड्या. ६० धरून ठेवणं अशक्य.

४ जानेवारी २०२६, रविवार

पहाटे शेवटची फेरी, वारा शांत, बंद कंटेनर, दोन सेकंद. लिटरला २२.४. ३ डिसेंबरशी जुळतं. भाच्याने सगळ्या फेऱ्या एका आलेखावर घातल्या. वेगाचा परिणाम आंधळ्यालाही दिसेल असा, ट्रकचा परिणाम भिंग लावून शोधावा असा.

त्याच्या सरांनी मसुदा बघून मोजमाप किती चुकलेलं असू शकतं ती मर्यादा प्रत्येक बिंदूवर दाखवायला सांगितली आणि कायद्याचं कलम घालायला. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक बसणार नाही एवढं अंतर ठेवणं बंधनकारक आहे. तीन मीटरवर चालणारा त्यात कुठेच बसत नाही.

दुपारी चौघं बसलो. मी वेळेचा हिशेब पुढे केला, कारण खरा अडथळा तिथेच होता. घर ते कामाच्या रस्त्यात ८० ने जाता येईल असा भाग सगळा मिळून पंधरा किलोमीटरही नाही. तो ८० ऐवजी ६० ने काटला तर पावणेचार मिनिटं जास्त लागतात. पर्वरीला त्याहून जास्त वेळ एका काँक्रीट मिक्सरमागे जातो. सकाळी एसी म्हापशापर्यंत बंद ठेवायचा यावर मात्र एकमत झालं नाही. मागे बसणाऱ्यांचा विरोध आहे आणि मेच्या उन्हात तो माझाही असेल.

११ जानेवारी, रविवार

गेला आठवडा माझी पाळी. ६० ते ६५, ट्रक दिसला की मागे तीन सेकंद किंवा सरळ पुढे. टाकीवर २१.३ निघालं. वर्गणी पुढच्या महिन्यापासून २१ धरून काढायची.

मेव्हण्याला आकडा सांगितला. "म्हणजे माझ्याएवढंच," म्हणाला. हो, त्याच्याएवढंच. उद्यापासून त्याची पाळी. पाच मिनिटं आधी निघायला तो तयार आहे, कंटेनरच्या मागे चिकटणार नाही असंही म्हणाला. ओबीडी काढलेला नाही, खोचलेलाच ठेवला आहे.